ऋण आणि साक्ष

"तुमच्या संदर्भसूचीत आमच्या सरांचं नाव दिसत नाही." पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. प्रबंध कोकणातल्या खोतीवर, सरांचं पुस्तक देशावरच्या वतनांवर. विद्यार्थिनी म्हणाली, "घालते सर."

मार्गदर्शकाची मर्जी, संपादकाची खुशी, मित्रमंडळींचे वाढते आकडे, या कारणांसाठी संदर्भ दिले जातात हे सर्वांना ठाऊक आहे. मला छळतो तो प्रश्न वेगळा. प्रामाणिक माणूस संदर्भ कशासाठी देतो?

मी दोन कारणं धरतो, ऋण आणि साक्ष. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव घेणं हे ऋण. माझ्या विधानाच्या बाजूने कुणाला उभं करणं ही साक्ष. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन ऋणाच्या बाजूचे, आणि मीही त्यांच्याच बाजूचा होतो. नायजेल गिल्बर्ट यांनी १९७७ मध्ये मांडलं, की संदर्भ हे वाचकाला पटवण्याचं साधन आहे. ते वाचून मी संतापलो होतो. विद्या म्हणजे काय वकिली आहे? शिवाय असा वकील आपला साक्षीदार वाचतो तरी का? सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये संदर्भांतल्या छपाईच्या चुका जशाच्या तशा लेखामागून लेखात उतरलेल्या दाखवल्या आणि मूळ लेख वाचणारा पाचांत जेमतेम एक असावा, असा अंदाज बांधला.

पण ऋणाचा हिशेब तरी कुठे जुळतो? आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेवरच्या लेखाला संदर्भसूचीच नाही. शेवटी आभार आहेत ते मिकेले बेस्सोचे. हा बर्नच्या पेटंट ऑफिसातला सहकारी; त्याच्याशी बोलता बोलता विचार सुटत गेले. त्या बोलण्याला कुठला पानक्रमांक देणार? खुद्द मर्टन यांचं पाहा. नावाजलेल्यालाच आणखी श्रेय मिळत जातं, हे सांगणारा त्यांचा १९६८ चा लेख हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या नोबेलविजेत्यांच्या मुलाखतींवर उभा आहे. झुकरमन यांचं नाव तळटिपांत आहे, लेखक मात्र एकटे मर्टन. लेख दोघांच्या नावावर हवा होता, हे त्यांनीच पुढे मान्य केलं. ऋण रीतसर नोंदवलं होतं, तरी ते फिटलं नाही.

तेव्हा ऋण खरंच, पण त्याची जागा प्रस्तावनेत, किंवा लेखकांच्या नावांत. तळटीप साक्षीसाठीच हवी, असं मला आता वाटतं. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'मधल्या पत्राचा खंड आणि लेखांक कुणी दिला, तर मी ते पत्र काढतो, मिती ताडून पाहतो, लेखकाला खोटाही पाडू शकतो. लेखक किती कृतज्ञ आहे हे मला तपासता येत नाही. त्याचा साक्षीदार तपासता येतो. गिल्बर्ट यांच्याशी माझं भांडण उरतं ते एवढंच, की पटवायला निघालेला माणूस सोयीचेच साक्षीदार आणतो. म्हणून हल्ली प्रबंध हातात आला की मी आधी शोधतो, लेखकाच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारं पुस्तक सूचीत आहे का, आणि असलं तर त्याचं पान दिलं आहे का.