वाटेची पाळी

येडगावच्या धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा जुन्नर तालुका मागे टाकून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. तात्यांची ३० वर्षं या कालव्याच्या काठानं गेली. पाटकरी होते ते. आवर्तन सुटलं की कोणत्या चारीचं दार कधी आणि किती उघडायचं, हे त्यांचं काम. वरच्यानं दार जास्त उचललं तर शेवटच्याचा ऊस वाळतो, आणि शेवटचा माणूस भांडायलाही येत नाही, कारण तो लांब असतो. हे सांगताना तात्यांचा आवाज थोडा खाली यायचा.

गावामागच्या माळावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. दर सोमवारी तात्या पाऊलवाटेनं वर जायचे. मग गुडघे गेले. चार वर्षं त्यांनी खालूनच हात जोडले.

मे महिन्यात पुण्याचा भाचा बॅटरीच्या दोन सायकली घेऊन आला. रुंद टायरांच्या, खडकाळ रानात चालणाऱ्या. "मामा, पायडल तुम्हीच मारायचं. मोटार फक्त मागून हात लावते." २५० वॉटची मोटार, ताशी २५ किलोमीटरला तिची मदत थांबणार. एवढ्या ताकदीच्या सायकलीला आपल्याकडे नोंदणी लागत नाही. कायद्याच्या लेखी ती मोटारगाडीच नव्हे. तात्यांनी आधी अंगणात दोन चकरा मारल्या, मग सोमवार गाठला.

वर पोचल्यावर ते देवळाच्या ओट्यावर बराच वेळ काही न बोलता बसले. खाली धरणाचा फुगवटा ओझरच्या अंगाला पसरलेला दिसत होता. यंत्रानं माणसाचं सगळं हिरावून घेतलं, असं म्हणणाऱ्यांना त्या दिवशीचा त्यांचा चेहरा दाखवायला हवा होता. चार वर्षांनी त्यांना त्यांचा देव जवळून भेटला होता.

जूनच्या पहिल्या रविवारी भाचा सहा मित्र घेऊन आला. पुण्याचे सायकलवाले या माळावर पूर्वीही यायचे, पण पायाच्या बळावर. एकदा चढले की धापा टाकत ओट्यावर आडवे व्हायचे, गुराख्याकडून पाणी मागून घ्यायचे, गप्पा मारायचे, उतरून घरी जायचे. ही पोरं दुपारच्या आत पाच-पाच वेळा वर-खाली झाली. आदल्या रात्री वळीव पडून गेला होता. उतरताना वळणावळणावर ब्रेक दाबून चाकं घसरवली, तिथला मुरूम खरवडून निघाला. पाण्याला वाट दाखवावी लागत नाही, खाच मिळाली की पुरते. पुढच्या सरीला तिसऱ्या वळणावरून ओहळच वाहू लागला.

त्याच सकाळी कोकणातून परतणारी पारनेरकडची मेंढरं वाटेवर होती. दिवाळीनंतर घाट उतरून जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. चढावर मागून एक सायकल आवाज न करता आली. एक कोकरू बिचकून दरडीखाली गेलं, त्याचा पाय मोडला. पोरं वाईट नव्हती. थांबली, पैसे देऊ लागली. धनगराच्या म्हातारीनं पैशाकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "बैलाच्या गळ्यात घुंगरू असतं बाबा. मोटार लांबून वरडती. तुमच्या ह्या जनावराला गळाच न्हाई, मग आमी सरकावं तरी कवा?"

रात्री मारुतीच्या देवळात माणसं जमली. बॅटरीला बंदी घाला, पायाची सायकल चालू द्या, असं बरेच जण म्हणाले. एका तरुणानं आठवण दिली, की जुन्नर २०१८ साली विशेष पर्यटन तालुका झाला, चार पैसे येतील ते का घालवायचे? कोणी माथेरानचा दाखला काढला. तिथं मोटारीला मज्जाव, वर्षानुवर्षं माणसानंच माणूस ओढला, आणि ई-रिक्षा येऊ द्यायची की नाही हे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. भाचा म्हणाला, अमेरिकेच्या सरकारी जमिनींवर साधी सायकल जिथं चालते तिथं बॅटरीचीही चालावी, असा आदेश २०१९ सालीच निघालाय. पण भांडण तिथंही मिटलं नाही, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

तात्या शेवटी उठले.

"मोटार वाईट असती तर मी वर पोचलोच नसतो. पण त्या वाटेला एक दार होतं, ते तुमच्या ध्यानात आलं नाही. चढ हेच ते दार. पाय दमले की दार पडायचं. माणूस थांबायचा, समोरून कोण येतंय बघायचा, दुसऱ्या खेपेला त्याच्यात जीवच उरायचा नाही. बॅटरीनं ते दार काढून टाकलं. दार नसलं की पाटकरी लागतो."

ठरलं ते थोडक्यात असं: पहिल्या पावसापासून वाट वाळेपर्यंत कुठलंच चाक नाही, बॅटरीचं नाही आणि पायाचंही नाही. एरवी दिवसाला एक खेप. सायकलीला घुंगरू. जनावर दिसलं की खाली उतरायचं. भाच्याचे चार मित्र पुन्हा फिरकले नाहीत. एका खेपेसाठी पुण्याहून कोण येतं?

श्रावण आला. सोमवारी सगळा गाव वर चालला आणि तात्या पायथ्याला बसले. सायकल घरी गोठ्यात उभी होती. "तात्या, तुम्ही जा हो. तुम्हाला कोण काय म्हणणार?" असं प्रत्येकानं म्हणून पाहिलं. ते नुसते मान हलवायचे. समोर त्यांनी दगडांचा ढीग केला होता. वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते एक दगड ठेवायचे, तिसऱ्या वळणावर टाकायला. भाचा दोन सोमवार आला, खोरं-घमेलं घेऊन चालत चढला आणि वळणावर पाण्याला आडवी चर काढून दिली. ओहळ बाजूला वळला.

दिवाळी झाली, वाट वाळली. पहिल्याच सोमवारी तात्या घुंगरू वाजवत निघाले. निम्म्या चढावर वरून मेंढरांच्या गळ्यातल्या घाट्या ऐकू आल्या, तसे ते उतरले. दुखऱ्या गुडघ्यांवर, सायकल दरडीला टेकवून, कळप जाईपर्यंत उभे राहिले. मेंढरं चाकाला अंग घासत खाली गेली. सगळ्यांत मागे म्हातारी होती, आणि तिच्या पुढे डाव्या पायानं किंचित लंगडणारं एक मेंढरू.