औषध देणारा हात

बारडोलीचे नाव उच्चारताच 1928 सालचा साराबंदीचा लढा आठवावा हे स्वाभाविकच आहे. आम्हांला मात्र त्या गावाची आठवण होते ती औषधाच्या एका दुकानामुळे. काही वर्षांपूर्वी जमिनीच्या एका दाव्याच्या निमित्ताने आमचे तेथे वरचेवर जाणे होई. हंगाम उसाचा होता. त्या भागातील ऊस तोडावयास डांगातून नि खानदेशातून दरसाल कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन उतरतात आणि उघड्यावर पाले ठोकून राहतात. त्यांतलीच एक बाई दिवेलागणीला तापाने फणफणलेले मूल खांद्यावर टाकून दुकानात आली. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवरील अक्षर इंग्रजी, दुकानातील बोली गुजराती आणि बाईची भाषा नंदुरबारकडची.

गल्ल्यामागच्या तरुणाने चिठ्ठी वाचली आणि तो थबकला. मुलाचे वय विचारले, त्याला हातात उचलून वजनाचा अदमास घेतला. मग औषध न देताच तो चिठ्ठीसह समोरच्या दवाखान्यात गेला नि प्रमाण दुरुस्त करून घेऊन आला. बाटलीच्या टोपणावरील रेघ त्याने नखाने दाखविली. "बेन, इथपर्यंतच. याच्यावर नाही," असे त्याने दोनदा सांगितले आणि बाईकडून एकदा वदवून घेतले. आम्ही कौतुकाने त्याचे शिक्षण विचारले. त्याने भिंतीवरील चौकटीतल्या दाखल्याकडे बोट केले. "तो दाखला ज्यांचा आहे ते साहेब सुरतेला असतात, वकीलसाहेब. मी बारा वर्षे इथे मदतनीस आहे."

आता कायद्याच्या चष्म्यातून ही संध्याकाळ पाहू. 1945 सालचे औषध नियम म्हणतात की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या वैयक्तिक देखरेखीखालीच दिले जावे. 1948 च्या फार्मसी कायद्याचे 42 वे कलम याहून कडक आहे. नोंदणीकृत नसलेल्या माणसाने चिठ्ठीवरचे औषध तयार करणे वा देणे हा त्या कलमाखाली अपराध होय. म्हणजे त्या सायंकाळी कायद्याने गुन्हेगार ठरला तो मुलाचा जीव जपणारा तरुण. सुरतेतील साहेबांकडे मात्र कोणाचे लक्षही जाण्याचे कारण नव्हते.

इतक्यावरून कायदा आंधळा आहे असे म्हणणे सोपे आहे. आम्हीही त्या रात्री तसेच म्हणालो होतो. पण कायद्याचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे तो इतका बिनहृदयाचा वाटत नाही. 1930-31 साली कर्नल चोप्रा यांच्या समितीने देशातील औषधांच्या बाजाराची चौकशी केली, तेव्हा भेसळ आणि अडाणीपणा यांवर कसलाच अंकुश नव्हता. पुढे 1948 चा कायदा आला, तो जुन्या कंपाउंडरांना विसरला नाही. दवाखान्यात पाच वर्षे औषधे बनविण्याचे काम केलेल्यास पहिल्या नोंदवहीत नाव घालण्याची वाट त्याने मोकळी ठेविली. बाटलीवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटविणारा तो कंपाउंडर आमच्या पिढीने लहानपणी पाहिला आहे. अनुभव हीही एक विद्या आहे, हे कायद्याने एकदा मान्य केले होते. नंतर ती वाट बंद झाली. आज पदविकेचे शिक्षण आणि नोंदणी यांवाचून गत्यंतर नाही, आणि औषधे इतकी तीव्र झाली आहेत की ते योग्यच आहे.

योग्य का, हे आम्हांला त्याच तरुणाने शिकविले. पुढच्या वर्षी घशाच्या दुखण्याने आम्ही बेजार होतो. दवाखाना बंद होता. आम्ही दुकानात गेलो आणि त्याने काहीही न विचारता एक प्रतिजैविक काढून दिले. ते परिशिष्ट एच-1 मधले होते. अशा औषधाला चिठ्ठी लागते, आणि डॉक्टर, रुग्ण व मात्रा यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. नोंद झाली नाही. आम्ही कायद्याचे पदवीधर असूनही गोळ्या खिशात टाकून बाहेर पडलो. ज्याला चूक दिसली की पाय उचलावासा वाटे, त्यालाच आता आपल्या अंदाजाची खात्री वाटू लागली होती. पहिल्या संध्याकाळी त्याला कोणी शाबासकी दिली नव्हती, दुसऱ्या वेळी कोणी अडविले नाही. त्याला उत्तर मागणारा माणूस सुरतेला होता.

आमच्या मते सारा प्रश्न 'वैयक्तिक देखरेख' या दोन शब्दांत आहे. दुसऱ्याकरवी करणारा स्वतःच करतो, हे वकिलीतले जुने सूत्र. पण ते सूत्र सांगणारा कोणीतरी आहे असे गृहीत धरते. दाखला भाड्याने देणारा काहीच सांगत नाही. तो फक्त नसतो. त्याने विकलेली वस्तू कागद नसून आपली उपस्थिती आहे, आणि उपस्थिती ही काही भाड्याने देण्याजोगी चीज नव्हे.

याची उलट बाजू अमेरिकेत दिसली. 2006 साली ओहायो राज्यात एका दोन वर्षांच्या मुलीच्या औषधी द्रावणात मदतनिसाने कितीतरी पट तीव्र मीठ घातले. फार्मासिस्टने ते तपासून मंजूर केले आणि मूल दगावले. 2009 साली फार्मासिस्टला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला, मदतनिसावर खटलाही झाला नाही. पुढे त्या राज्याने मदतनिसांसाठी परीक्षा आणि पात्रता यांचा कायदा केला. ब्रिटनमध्येही 2011 पासून अशा तंत्रज्ञांची नोंदणी सक्तीची आहे. तेथे सही करणारा हजर होता, म्हणून शिक्षा त्याला झाली; येथे तो हजरच नसतो, म्हणून कायद्याचा हात मदतनिसापर्यंतच पोचतो. आपल्या कायद्यात या मदतनिसाला नावही नाही. ज्याला नाव नाही त्याला ना अधिकार, ना मर्यादा, ना शिकण्याची सक्ती.

मुंबईकरांना 1986 सालचे जे. जे. रुग्णालय आठवत असेल. दूषित ग्लिसरॉलने 14 रुग्ण दगावले आणि न्या. लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतील बेपर्वाई उघडी केली. साखळीत प्रत्येकाने आधीच्या माणसावर विसंबावे, इतके पुरते. नोव्हेंबर 2022 मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणीकृत फार्मासिस्टवाचून चालणारी दुकाने व दवाखाने हा नागरिकांच्या आरोग्याशी व जिवाशी खेळ आहे, असे खडसावले. तरी भिंतीवरील चौकटी तशाच आहेत.

मध्यंतरी एक नवपदवीधर आमच्याकडे सल्ल्याला आला. दाखला एका दुकानाला देण्याचा करार लिहून हवा होता. आम्ही नकार दिला. तो रागावला नाही. "साहेब, नोकरीत मिळणार किती, आणि दुकानात मी उभा राहिलो तरी गिऱ्हाईक त्या मदतनिसालाच विचारते," एवढेच तो म्हणाला आणि उठला. त्याचे दुसरे वाक्य खोटे नव्हते, म्हणून आम्ही त्याला चहासाठी पुन्हा बसविले.

गेल्या हिवाळ्यात बारडोलीस गेलो तेव्हा दुकानात डोकावलो. चौकटीत दाखला नवा होता, नाव दुसरेच होते. गल्ल्यामागे तोच तरुण, आता केस थोडे पांढरे झालेला, एका पालातून आलेल्या म्हाताऱ्याला टोपणावरील रेघ दाखवीत होता.