वाघ कोणाच्या नावे टाकायचा?

चंद्रपूरचा माणूस महाराष्ट्रात कुठेही गेला तरी त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "तुमच्याकडे ऊन फार, नाही का हो?" आणि दुसरा, "वाघ पाहिलाय का?" पहिल्याला मी "हो" म्हणतो आणि ते खरं असतं. दुसऱ्यालाही "हो"च म्हणतो. आता तुमच्यापासून काय लपवायचं? शेहेचाळीस वर्षं या मुलखात काढली, त्यातली बावीस बँकेच्या काउंटरमागे. पण वाघ काही मी पाहिला नव्हता. वाघाकडून प्रयत्नांत कसूर झाली असं म्हणवत नाही. आमच्या थर्मल पॉवर स्टेशनच्या आवारापर्यंत तो येऊन गेलेला आहे. मीच काउंटर सोडून त्याला सामोरा गेलो नाही.

ही अब्रू झाकली राहिली असती, पण आमच्या सौभाग्यवतींचे धाकटे बंधू हॉलंडला जाऊन आले. हे पुण्याला कॉम्प्युटरमध्ये असतात. हॉलंडात त्यांनी एक दिवस स्वतःपुरती गाडी आणि स्वतःपुरता गाइड ठरवून तिथली खेडीपाडी पाहिली. किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या, गाडीच्या चाकाएवढालं चीज, लाकडी जोडे, आणि रस्त्यांच्या जागी कालवे असलेलं एक गाव. सगळं ठरल्या वेळी दिसलं. साडेनऊला पवनचक्की म्हणजे साडेनऊला पवनचक्की.

"भाऊजी, याला म्हणतात गाइड!" ते म्हणाले.

मी म्हटलं, "त्या पवनचक्क्या १७४० च्या सुमारास पाणी उपसायला बांधल्या. तेव्हापासून जागच्या हललेल्या नाहीत. त्या दाखवण्यात गाइडचं कौतुक ते काय?"

हे मी बोलायला नको होतं. कारण पुढचा प्रश्न आला, "मग तुमचा वाघ दाखवा की!" आणि लगेच त्यांनी मोबाइल काढून ताडोब्याचं बुकिंग बघायला घेतलं. कोअर भरलेलं होतं. बफरमध्ये एक जिप्सी मिळाली. अख्खी आपली. परका माणूस म्हणजे फक्त ड्रायव्हर आणि गाइड.

ज्यांना कोअर आणि बफर ठाऊक नाही त्यांच्यासाठी बँकेच्या भाषेत सांगतो. सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचं कोअर म्हणजे मॅनेजरसाहेबांची केबिन. तिच्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं बफर म्हणजे आमचा हॉल. वाघ मूळचा केबिनमधला. त्याला हॉलमध्ये केव्हाही येण्याची मुभा आहे. हॉलमधल्यांनी केबिनमध्ये जायचं नाही. आणि या हॉलमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, बैल आहेत, शाळेत जाणारी पोरं आहेत.

एप्रिलातली पहाट. गेटवर आमचा गाइड येऊन जिप्सीत बसला. तिशीतला, किडकिडीत, खाकी शर्टाची वरची गुंडी लावलेला. बसल्या बसल्या मेव्हण्यांनी विचारलं, "काय मग, वाघ दिसणार ना?"

"दिसला त दिसन जी."

बावीस वर्षांत आमच्या बँकेने ग्राहकाला इतकं खरं उत्तर दिलेलं मला आठवत नाही. मेव्हण्यांचा चेहरा मात्र उतरला.

थोडं पुढे गेलो तर मोहाच्या झाडांखाली बाया वाकून फुलं वेचत होत्या. मोहाचं फूल रात्री गळतं, म्हणून पहाटेच वेचायला जावं लागतं. ऊन चढलं की ते सुकतं आणि मागे राहिलेल्याचा वाटा गुरं आणि हरणं खातात. मेव्हण्यांनी "व्वा, काय लाइफ आहे!" म्हणून त्यांचे फोटो काढले. माझं लक्ष गाइडच्या ओठांकडे होतं. ते हलत होते. आता, मोजणाऱ्या माणसाचे ओठ मला पाठमोरेसुद्धा ओळखू येतात. आमचा कॅशियर अगदी तसेच हलवतो.

"किती झाले?" मी विचारलं.

"अकरा जी."

"अकरा काय?"

"बाया. त्यातली ते हिरव्या लुगड्याची माही बायको हाय."

मग त्याने आम्हाला जंगल दाखवायला सुरुवात केली, आणि मला कबूल केलं पाहिजे की हॉलंडच्या गाइडने लाजावं असं दाखवलं. ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी का असते ते सांगितलं. रानकुत्र्यांची टोळी दाखवली. एक गवा असा उभा होता की मला आमचे जुने रीजनल मॅनेजर आठवले. मेव्हणे प्रत्येक वेळी "छान, छान" म्हणत आणि शेवटी "पण वाघ?" असं जोडत. नव्याण्णव रुपये मोजून दिले तरी शंभराव्यासाठी खिडकीत हात पसरून उभं राहणारं गिऱ्हाईक मला परिचयाचं आहे.

एका झाडाखाली शेंदूर फासलेला दगड होता. वाघोबा. आमच्याकडे वाघाशी दोन्ही प्रकारचं नातं असतं. ताडोबा हे नावच मुळी तारू नावाच्या गोंड गावप्रमुखावरून आलं, असं सांगतात. तो वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरते. तर गाइडने जिप्सी थांबवायला सांगून वाघोबाला हात जोडले.

मेव्हण्यांनी विचारलं, "काय मागितलंस?"

"वाघ दिसू दे म्हनलो जी."

"शाब्बास!"

"तुमाले दिसू दे म्हनलो," तो म्हणाला. "तिकडे नको."

आणि 'तिकडे' म्हणताना त्याने मोहाच्या बाजूला मान केली.

इथून माझी पंचाईत सुरू झाली. मी कॉमर्सचा पदवीधर. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका साधूने द्विनोंदी पद्धत छापली, आणि तिच्यावर माझं पोट चालतं. ती पद्धत सांगते की जमा एकटी येत नाही. कुठेतरी एक रक्कम जमा झाली, की तेवढीच कुठेतरी कोणाच्या तरी नावे पडलेली असते. ती सापडली नाही तर संध्याकाळी घरी जाता येत नाही. आता मला सांगा, सकाळी सहा वाजता एकाच रस्त्यावर एक जिप्सी 'वाघ दिसू दे' म्हणते आणि अकरा बाया 'दिसू नको देऊ' म्हणतात. वाघ तोच. आमच्याकडे तो जमा झाला, की कोणाच्या नावे टाकायचा?

आणि गंमत अशी की ही नोंद माझ्या काउंटरवर येऊन गेली होती; मी तिच्यावर शिक्कासुद्धा मारला होता.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत बदलीवर होतो. वडसा, आरमोरीकडे तेव्हा वाघाचा फार बोलबाला होता. सीटी-१ नावाचा एक वाघ तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसं मारून ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला. अशा मृत्यूनंतर वारसांना सरकार मदत देतं. ती त्याच वर्षी २० लाखांवर नेली, पुढे आणखी वाढवली. त्यातली काही रक्कम हातात मिळते, बाकीची मुदत ठेवीत जाते. एक दिवस एक माणूस ठेवीचा फॉर्म घेऊन खिडकीशी आला. मी सवयीने विचारत गेलो. पैसे कशाचे? तो म्हणाला, "वाघाचे." मी 'शासकीय साहाय्य' असं लिहिलं. पुढचा रकाना नामनिर्देशनाचा. "तुमच्यामागे कोणाला द्यायचे?" त्याने पटकन बायकोचं नाव सांगितलं. मी ते लिहूनही टाकलं. मग तो गप्प झाला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "नाही साहेब, तेच त गेली." मी फॉर्म फाडला आणि नवीन घेतला. बँकेच्या दृष्टीने एक फॉर्म वाया गेला, इतकंच.

ही गोष्ट मी जिप्सीत सांगितली. मेव्हण्यांना वाईट वाटलं. पण हुशार माणसाला वाईट वाटलं की तो लगेच उपाय सुचवतो. "या लोकांनी जंगलात जायचंच कशाला?" ते म्हणाले. "सरळ दुसरीकडे राहायला न्यावं सगळ्यांना."

गाइडने शांतपणे सांगितलं की तसंही झालेलं आहे. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं २००७ पासून एकेक करून कोअरमधून बाहेर वसवली. जिथे घरं आणि शेतं होती तिथे आता गवत आहे, गवतावर चितळ आहेत, आणि चितळामागे वाघ आहे. तिथे तो छान दिसतो म्हणे. मी मनात म्हटलं, आमचे मेव्हणे सोसायटीतली पार्किंगची जागा बदलली म्हणून दोन वर्षं कमिटीशी भांडताहेत. त्यांनी गावं उठवावीत! पण हे बोललो नाही. जिप्सीचे पैसे त्यांनी भरले होते.

शिवाय, हिशेब मेव्हण्यांच्या म्हणण्याइतका सरळ नाही तसा माझ्या वाटण्याइतकाही नाही. मी गाइडला विचारलं, "मग बुवा, वाघ नसता तर बरं झालं असतं का?" तो म्हणाला, "मंग तुमी काहाले आले असते जी?" वाघ आहे म्हणून जिप्सी आहे, जिप्सी आहे म्हणून त्याची रोजी आहे, आणि त्या रोजीत भागत नाही म्हणून बायको मोहाखाली आहे. एकाच घरात वाघ जमेलाही आहे आणि नावेही आहे. अशा खात्याला काय म्हणतात ते आम्हाला बी. कॉम.ला शिकवलेलं नाही.

मी या विचारात असतानाच सांबर ओरडलं. एकदाच, मोठ्याने. मग पुन्हा. गाइड ताडकन उभा राहिला. मेव्हणे उभे राहिले, सौभाग्यवती उभ्या राहिल्या, मीही सीटवर चढलो. सांबर उगीच ओरडत नाही, हे आत्ताच कळलेलं होतं.

"कुठून आला आवाज?" मेव्हणे कुजबुजले.

गाइड बोलला नाही. ड्रायव्हरने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी मागे वळवली. आवाज मोहाच्या बाजूने आला होता.

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते, पण त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. द्विनोंदी पद्धत मघाशीच आठवली होती. तो फाडलेला फॉर्म डोळ्यांपुढे होता. समोर बसलेल्या माणसाची मान ताठ झालेली मला दिसत होती. आणि अशा वेळी, धुरळ्यातून जाणाऱ्या जिप्सीच्या दांडीला धरून, माझ्या मनाने काय म्हणावं? त्याने म्हटलं, 'दिसू दे. एकदा दिसू दे.' शेहेचाळीस वर्षांची खोटी 'हो' एका क्षणात खरी होणार होती ना! माणसाला दुसऱ्याचं दुःख समजतं, ते कळवळूनही समजतं. पण समजल्यामुळे त्याची स्वतःची हौस जागची हलत नाही. हॉलंडची पवनचक्कीच ती.

मोहाच्या झाडांशी पोचलो. बाया उठून एका ठिकाणी गोळा झाल्या होत्या, डोक्यावर टोपल्या घेत होत्या. सांबराचं ओरडणं त्यांनी आमच्या आधी ऐकलं होतं, आणि गाइड न घेता त्यांना त्याचा अर्थ कळला होता. गाइडचे ओठ हलू लागले. माझेही. मी मोजले, दहा. पुन्हा मोजले, दहा. नोटांच्या बाबतीत माझी मोजणी चुकत नाही. हिरवं लुगडं दिसत नव्हतं.

तेवढ्यात झाडामागून ती आली. खाली सांडलेली फुलं पुन्हा टोपलीत भरायला थांबली होती. गाइड तिच्यावर खेकसला. तीही त्याच्यावर खेकसली. अगदी आमच्या घरातल्यासारखं. मग तो खाली बसला आणि शर्टाची वरची गुंडी काढून त्याने वारा घेतला.

"अकरा," मी म्हटलं.

"हो जी. अकरा."

वाघ काही दिसला नाही. गेटवर उतरताना मेव्हण्यांनी गाइडला वर एक रुपया द्यायचा नाही असं ठरवलं. त्यांचं म्हणणं, हॉलंडला मी टिप दिली कारण तिथे ठरलेलं सगळं दाखवलं. इथे मुख्य वस्तूच दिली नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण मी पाचशेची नोट काढून दिली. बँकेतल्या माणसाने स्वतःची पाचशेची नोट काढावी हे पाहून सौभाग्यवतींना वाघ पाहिल्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

"कशाबद्दल दिलेत?" मेव्हण्यांनी विचारलं.

"मोजणीचे," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही.

सफारीला जाऊ नये असं मी म्हणणार नाही. आपण गेलो नाही तर त्या गाइडच्या बायकोला मोहासाठी आणखी आत जावं लागेल, एवढा हिशेब मलाही येतो. वाघ दिसावा ही इच्छाही मी सोडलेली नाही. सोडली असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. फक्त आता ती इच्छा मनात आली की तिच्यासमोरचा रकाना कोरा ठेवायचा नाही, एवढं ठरवलं आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. बातमी वाचली तेव्हा मी पेपर खाली ठेवला आणि उगीचच बोटं मोजत बसलो.

परवा एका लग्नात कोणीतरी विचारलं, "चंद्रपूरचे ना तुम्ही? वाघ पाहिलाय का?" मी पहिल्यांदाच "नाही" म्हटलं. गृहस्थांचा माझ्यातला रस संपला आणि ते जिलबीकडे वळले. अकरा बायांची गोष्ट मग सांगायची राहूनच गेली.