सिबुयान समुद्रातले शेजार

फिलिपिन्समध्ये, लुझोन आणि पनाय या थोरल्या बेटांच्या मधल्या पाण्यात, रोंब्लोन नावाचा प्रांत विखुरलेला आहे. ताब्लास, सिबुयान आणि रोंब्लोन ही तीन ठळक बेटे, आणि भोवताली बांतोन, सिमारा, सिबाले अशी चिमुकली. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. पण येथे कोस मोजायचे कोठून कोठवर? बांतोनची आसी भाषा लाटा ओलांडून सिमारा-सिबालेत भेटते, ताब्लासच्या पश्चिमेला ओदियोंगानमध्येही भेटते. तेथून दक्षिणेस लोओककडे वळावे, तर पायाखालची भूमी अखंड असूनही ओनहान कानी पडू लागते, जिचे गोत्र पलीकडच्या पनायमधील किनाराय-आशी जुळते. आणि ईशान्येच्या सान आगुस्तीनमध्ये बोलतात ती रोंब्लोमानोन, समोरच्या रोंब्लोन बेटाची. एकाच लांबट बेटाच्या प्रत्येक किनाऱ्याने पाठीमागच्या डोंगराकडे पाठ फिरवून समोरच्या पाण्याशी सोयरीक केलेली. जलाला सीमा मानणारी आपली दृष्टी मुळात शेतकऱ्याची, बांध घालणाऱ्याची असावी, असे मला वाटते.

सिबुयानपाशी मात्र हा विचार अडखळतो, आणि मला तेच अडखळणे अधिक मोलाचे वाटते. करवतीसारख्या कड्यांचा २,०५८ मीटर उंचीचा गितिंग-गितिंग तेथे उभा आहे. हिमयुगात समुद्र ओसरला, अनेक बेटे एकमेकांना जोडली गेली, तरी सिबुयान एकटेच राहिले; म्हणून तेथल्या रानातले काही उंदीर जगात अन्यत्र कोठेही नाहीत. त्याच बेटावरची माणसे मात्र शेजारच्या रोंब्लोनची भाषा बोलतात. ज्या सामुद्रधुनीने एका जिवाला युगानुयुगे कोंडून वेगळे घडवले, तिच्यावरूनच दुसऱ्याने मुली दिल्या, मीठ नेले, शब्द आणले; अंतर हे पाण्यात असते की प्राण्यात, असा प्रश्न मग उरतो. त्याचे उत्तरही ऋतूगणिक बदलत असणार, कारण हबागात, म्हणजे आपल्याकडे पाऊस आणणाराच नैऋत्य वारा, खवळला की कालचा शेजारी परका होतो.

बांतोनच्या एका गुहेत, लाकडी शवपेटीत, तेराव्या-चौदाव्या शतकातले वस्त्र सापडले: पटोल्याप्रमाणे सूत विणण्याआधीच बांधून रंगवलेले. नक्षी मागावर चढण्यापूर्वीच धाग्यात ठरलेली. ते विणणारी बाई कोणत्या बोलीत रंग मागत होती, हे तो धागा सांगत नाही; आज तिच्या बेटावरची मुले शाळेत फिलिपिनो आणि इंग्रजी शिकतात, आणि घरी आसी बोलतात.