विचारून उचललेला दगड

पेणहून नागोठण्यामार्गे रोह्याकडे जाताना डोंगराच्या पायथ्याला काळ्या दगडाच्या खाणी दिसतात. सुरुंग उडतो, कातळ कोसळतो, क्रशर फिरतो आणि डोंगराची खडी होते. तीच पुढे महामार्गाला आणि आपल्या घरांच्या स्लॅबला लागते. फुटलेल्या एखाद्या फत्तरात मात्र अवचित पोकळी उघडी पडते आणि आत स्फटिक चमकतात. दगडांची आवड असलेल्याचा हात मग आपसूक पुढे जातो. तो हात क्षणभर का थांबावा, याचा आज विचार करू.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. ते निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि कातळात पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ त्यांतून गरम पाणी झिरपत राहिले. त्या पाण्याने खडकातलेच घटक विरघळवून आणले आणि पोकळीच्या भिंतींवर स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अपोफिलाइट यांचे स्फटिक वाढत गेले. स्टिल्बाइटचा एक झुपका हातात घेऊन नीट पाहावा. पातळ पापुद्रे मधोमध आवळलेले आणि टोकाला पसरलेले, जणू भाताची पेंढीच. रंग फिकट केशरी, वर मोतिया झाक. चाकूच्या टोकाने त्यावर सहज ओरखडा उठतो आणि चुकीच्या जागी ठोका बसला तर पापुद्रा सुटून येतो. इतकी नाजूक वस्तू एवढ्या कठीण दगडाने जपलेली असते.

आता ही वस्तू कुणाची? डोंगरउतारावरची वरकस जमीन ओसाड दिसली तरी बेवारस नसते. ती कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ ने खनिजांवरचा हक्क राज्य शासनाकडे ठेवला आहे. म्हणून दगड काढणाऱ्याला परवानगी घ्यावी लागते, स्वामित्वधन भरावे लागते. आणि पोकळी दिसताच घण आवरून स्फटिक बाजूला काढणारा असतो तो खाणीतला कामगार. क्रशरला खडी आणि स्फटिक यांतला फरक कळत नाही, तो या माणसाला कळतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळेभोर कॅव्हनसाइट आज जगभरच्या संग्रहांत आहे, त्यामागेही खाणीत राबलेले हात आहेत. जमीन एकाची, खनिजाचा हक्क शासनाचा, कष्ट तिसऱ्याचे. या साखळीत हौशी संग्राहक सगळ्यांत शेवटी येतो. त्याने आधी विचारावे, हे ओघानेच आले.

विचारण्याने गुपचूप उचलणाऱ्याला कधीच न मिळणारे काहीतरी हाती लागते. बांधावर उभे राहून ‘दादा, आत येऊन बघू का?’ म्हटले की समोरचा बोलू लागतो. कोणत्या कड्याला पोकळ्या जास्त, कुठला दगड सुटलेला आहे, सुरुंग केव्हा लागणार, हे तोच सांगतो. यातली काही माहिती जीव वाचवणारी असते, तर काही त्या दगडाची ओळख टिकवणारी.

ही ओळख किती लवकर हरवते पाहा. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. त्यासाठी डोंगर फोडताना देखणे स्फटिक निघाले आणि दूरदूरच्या संग्रहालयांत पोहोचले. त्या काळच्या कित्येक नमुन्यांच्या चिठ्ठीवर जागेचे नाव म्हणून नुसते ‘पूना’ आहे. डोंगर कोणता, थर कोणता, याचा पत्ता नाही. याउलट १९७४ मध्ये भूशास्त्रज्ञ आर. एन. सुखेस्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या या खनिजांचा अभ्यास मांडला, तेव्हा कोणते खनिज कुठल्या भागात आढळते यावरून त्यांना खनिजांचे पट्टे ओळखता आले. कुठे सापडला हे माहीत असलेला दगडच अभ्यासाच्या उपयोगी पडतो. बाकीचे फक्त सुंदर असतात.

म्हणून उचलण्याआधी विचारावे. होकार मिळाला तर गरजेपुरतेच घ्यावे, काढून देणाऱ्याला योग्य मोल द्यावे आणि गाव, खाण, तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी. नकार मिळाला तर मन खट्टू न करता मोकळ्या हाताने परतावे. हे दगडांपुरतेच आहे असे नाही. रानातली वनस्पती, कुणाच्या घरातली जुनी वही, म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली आठवण, सगळ्यांना हाच नियम लागू आहे. जे आपण विचारून घेतो आणि ज्याचे मूळ सांभाळतो, तेच उद्या कुणाला तरी विश्वासाने दाखवता येते.