प्रार्थनेच्या वेळी

परवा आमच्या घरची सायंप्रार्थना चालली होती. तीन वर्षांच्या धाकटीने पवित्र शास्त्राची पाने ओढली आणि दुधाचा पेला लवंडला. मी रागाने तिला बाहेर ओसरीवर बसविले व पुन्हा डोळे मिटले. परंतु शब्द काही सुचेनात.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील शिष्य मला आठवले. बालकांना घेऊन येणाऱ्यांना त्यांनी हटकले. त्यांचा हेतू वाईट नसावा; गुरूच्या कार्यात व्यत्यय नको, एवढेच. (आम्हा वडीलधाऱ्यांचेही म्हणणे हेच असते!) प्रभू मात्र रागावला तो शिष्यांवर. यरुशलेमेची, वधस्तंभाची वाट समोर असताना त्याने बालकांना कवेत घेतले. हा प्रसंग मत्तय आणि लूक हेही सांगतात. पण ते कवेत घेणे आणि तो राग मार्कानेच नोंदविला आहे. मुले निजल्यावरच्या शांततेत आम्ही ज्याला शोधतो, तो त्यांच्या गलबल्यात बसला होता.

मी उठलो, तिला आत आणून मांडीवर घेतले. प्रार्थना अर्धीच झाली होती, तोच तिने मोठ्याने ‘आमेन’ म्हटले. तिची आई हसू लागली. मग आम्हीही तेथेच आमेन म्हटले.