नानकटाईचा एक डबा फडावर



नाताळ जवळ आला की मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन आपल्या भगिनी बेकरीच्या भट्टीवर नंबर लावतात. पाश्चात्त्य देशांत या सणाला अंडी, दूध, साखर यांचे एगनॉग नावाचे पेय करतात आणि त्याच चवीची बिस्किटेही भाजतात. त्याला वास येतो तो जायफळाचा, आपल्या नानकटाईतल्याच! (जायफळ मूळचे इंडोनेशियातल्या बांदा बेटांचे, म्हणजे दोघांनाही परकेच.)

नानकटाईत पाणी नसते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ती पंधरा दिवस सहज टिकते. हे मुद्दाम सांगतो. गंगाखेडकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडाजवळच्या कोपीत राहतात. २५ डिसेंबरही तिथेच उजाडतो. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचे घर. त्या गावात प्रभूला जागा मिळाली ती गव्हाणीत, जनावरांच्या वैरणीच्या ठिकाणी. कोपीतल्या आईला हे समजावून सांगावे लागत नाही.

तुमच्या गल्लीतले कोणी गेले असेल, तर मुकादमाकडून ठिकाण विचारा आणि तिकडे जाणाऱ्याच्या हाती एक डबा द्या. ते घर ख्रिस्ती आहे की नाही, हे पाहू नका. डबा सणाआधी पोचायला हवा. तेव्हा भट्टीवर याच आठवड्यात नंबर लावा.